लिंक टाकली की अंगठे येतात, उघडत कुणीच नाही. काय चुकतंय?

सुभाषनगरची_सून (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी पायताणं बनतात. सासरे अजून स्वतः चामड्याची वेणी घालतात, नवरा तळ शिवतो. गेल्या दिवाळीपासून आमची वेबसाईट आहे आणि ती मी सांभाळते. कापशी, पुडा, बक्कलनाली, कचकडी अशा प्रकारांचे २६ जोड त्यावर फोटोसकट लावलेत.

मी लिंक टाकते माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, गल्लीतल्या तालमीच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर. दहा मिनिटांत चौदा अंगठे, दोन ‘नाद खुळा’, एक ‘जगात भारी’. मग साईटचा आकडा बघावा तर तीन माणसं आलेली, त्यातला एक माझा नवरा.

माझा मेसेज असा असतो: ‘आमच्या वेबसाईटला अवश्य भेट द्या’, खाली लिंक आणि हात जोडलेले. खाली जो चौकोन येतो त्यात आमचा लोगो दिसतो. मागच्या महिन्यात सासऱ्यांनी एक कापशी जोड बनवला, नुसत्या वेणीला चार दिवस लागले. मी खास त्याच जोडाची लिंक टाकली, तरी खाली लोगोच. सासऱ्यांनी फोन हातात घेतला, बघितलं आणि म्हणाले, “पायताण कुठाय यात?”

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्यासारखी चप्पल दाखवली, त्या आठवड्यात देशभर सगळ्यांच्या तोंडी कोल्हापुरी होती. तेव्हा आमची साईट नव्हती, याची हळहळ वाटते. आता साईट आहे तर तिथवर माणसं न्यायची कशी, हे मला मनापासून शिकायचंय.

तांबडापांढरा (रात्री ९.५२)

ताई, ‘अवश्य भेट द्या’ हे लोक लग्नपत्रिकेतल्या ‘अगत्य येण्याचे करावे’सारखं वाचतात. वाचलं, नमस्कार केला, पत्रिका फ्रिजवर.

रंकाळ्याकाठी (रात्री १०.१५)

ताई, मी वेबसाईटचंच काम करतो. लोगोचं कोडं आधी सोडवूया, कारण तिथं तुमची चूक नाही.

आपण लिंक टाकली की खाली चित्र, नाव आणि दोन ओळी येतात. ती माहिती पानाच्या आतल्या काही खुणांमधून उचलली जाते. त्यांना ओपन ग्राफ, थोडक्यात ओजी, म्हणतात. फेसबुकनं २०१० साली ही पद्धत काढली आणि आता व्हॉट्सॲप, लिंक्डइन, टेलिग्राम सगळेच ती वाचतात. नाव कोणतं, वर्णन काय, चित्र कुठलं, हे तिथं प्रत्येक पानाचं वेगळं लिहायचं असतं.

माझा अंदाज असा की तुमची साईट जावास्क्रिप्टवर चालते. म्हणजे ब्राऊझरमध्ये आल्यावर पान भरतं. माणसाला कापशी दिसते, पण व्हॉट्सॲप जावास्क्रिप्ट चालवत नाही. ते पानाचा कच्चा कोड वाचतं आणि तिथं २६ जोडांना मिळून एकच नाव आणि एकच लोगो आहे. ज्यांनी साईट केली त्यांना सांगा, “प्रत्येक जोडाच्या पानाच्या ओजी खुणा सर्व्हरवरूनच आल्या पाहिजेत.” एवढं वाक्य पुरतं, त्यांना कळेल.

चित्र आडवं घ्या, १२०० बाय ६३० पिक्सेल. चप्पल मधोमध, चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा. काही ठिकाणी तेच चित्र कापून चौकोनी दाखवतात, मग कडेला ठेवलेला गोंडा जातो आणि नुसता तळ उरतो. फाईल ३०० केबीच्या आत ठेवा. जड फोटो असला की व्हॉट्सॲपवर चित्र येतच नाही असं बऱ्याचदा होतं.

अजून एक. लिंकेखालचा हा चौकोन, म्हणजे कार्ड, व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तयार होतं. लिंक चिकटवून लगेच बाण दाबला तर कार्ड न येताच मेसेज जातो. दोन-तीन सेकंद थांबायचं, चित्र आलेलं डोळ्यांनी बघायचं, मग पाठवायचं.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६.२०)

सूनबाई, मी तुमच्या समोरच्या बाजूचा माणूस. लिंक न उघडणारा. का उघडत नाही ते सांगतो.

आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये एकाला लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली. त्यांनी ती उघडली आणि खात्यातून पैसे गेले. मुलगा घरी होता म्हणून लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन झाला, थोडे पैसे गोठवता आले. त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी ठरवलं की पाठवणाऱ्याचं स्वतःचं वाक्य नसेल तर निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं नाही.

‘भेट द्या’ हे वाक्य कुणीही लिहू शकतो, चोरसुद्धा. ‘मास्तर, मागच्या वेळी तुम्ही विचारलेली रुंद पंजाची चप्पल आता आली आहे, फोटो खाली’ असं माझी ओळखीची सूनच लिहू शकते. ते मी उघडणार.

आणि आखूड केलेल्या लिंका मुळीच नकोत. बिटली वगैरेच्या मागे काय दडलंय ते उघडेपर्यंत दिसत नाही. तुमचं स्वतःचं नाव लिंकमध्ये दिसलं पाहिजे.

पेठकर_पुण्यात (सकाळी ८.०५)

मास्तरांशी थोडा मतभेद. छापील पत्रकावर किंवा खोक्यावर लांबलचक लिंक कोण टाईप करणार? तिथं आखूडच पाहिजे.

रंकाळ्याकाठी (सकाळी ८.३०)

छापील जागेसाठी बरोबर, पण आखूड लिंक आपल्याच डोमेनवर, म्हणजे आपल्या साईटच्या नावावर करावी. परक्याच्या सेवेवर अवलंबून राहिलं तर काय होतं, ते गूगलच्या लिंक आखूड करणाऱ्या सेवेनं दाखवलं. २०१९ च्या मार्चअखेर तिथं नव्या लिंका करणं बंद झालं. ज्यांनी त्या लिंका पुस्तकात, बोर्डावर छापल्या होत्या त्यांना पुढं जीव मुठीत धरून बसावं लागलं. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, तर आखूड करून काही फायदाही नाही. तिथं लिंक केवढीही असो, २३ अक्षरंच मोजतात.

गुऱ्हाळवाला (सकाळी ९.१०)

वहिनी, आमचा गुळाचा धंदा, करवीर तालुक्यात. दोन हंगाम मी तुमच्यासारखंच केलं. ‘शुद्ध, केमिकलमुक्त, आरोग्यदायी गूळ, आजच ऑर्डर करा’ आणि खाली साईटचं मुखपान. कुणी ढुंकून बघितलं नाही.

मग एका पहाटे काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभा होतो. पाक उतरवून गार करायच्या वाफ्यात ओतला होता, गुळव्या फावड्यानं घोटत होता. तिथंच फोन काढून लिहिलं: ‘आत्ता काहील उतरली. पाच किलोचे चाळीस रवे निघतील. वजन, भाव आणि घरपोच कधी, सगळं या पानावर.’ खाली त्या रव्याच्याच, म्हणजे गुळाच्या ढेपेच्याच, पानाची लिंक. दुपारपर्यंत एकतीस रवे सांगून झाले. गूळ तोच, साईट तीच. फक्त आता उघडल्यावर काय मिळणार हे माणसाला आधीच कळलं होतं.

तेव्हापासून मी मुखपानाची लिंक देतच नाही. मुखपान म्हणजे पाहुण्याला गावच्या वेशीवर सोडून ‘घर शोधा’ म्हणायचं. ज्या वस्तूबद्दल बोलतोय, त्याच वस्तूच्या पानाची लिंक द्यायची.

दुसरं, प्रत्येक ठिकाणी लिंकच्या मागे वेगळी खूण लावतो. तिला यूटीएम म्हणतात. शेवटी प्रश्नचिन्ह आणि पुढे ‘यूटीएम सोर्स’ बरोबर ‘तालीम’, ‘माहेर’, ‘फेसबुक’ असं. नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं हिशेबात नुसती ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतात, कुठल्या ग्रुपनं धंदा दिला ते कळत नाही. मला वाटायचं फेसबुक भारी चालतंय. खुणा लावल्यावर कळलं, निम्मी गिऱ्हाइकं माझ्या बायकोच्या भिशीच्या ग्रुपमधून येत होती!

तांबडापांढरा (सकाळी ९.१४)

भिशीच्या ग्रुपला तोड नाही. आमच्या खानावळीचा रविवारचा मटणाचा बेतही तिथूनच गावभर होतो.

हुपरी_चांदी (सकाळी ११.००)

मी वेगळं सांगणार. साईटच्या लिंकेचा एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडं माणूस बोलून घेतो. मी व्हॉट्सॲपची थेट लिंक देतो. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि आपला नंबर. मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य घालायचं नाही. बोट ठेवलं की सरळ माझ्याशी चॅट उघडतं, नंबर सेव्ह करायची गरज नाही. मागे मजकूरही जोडता येतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ‘पैंजणांचे भाव पाठवा’ असं आधीच लिहिलेलं येतं.

सुभाषनगरची_सून (सकाळी ११.४५)

हुपरी दादा, हे मला माहीतच नव्हतं. पण तेच तेच फोटो रोज पंधरा जणांना पाठवून थकले, म्हणून तर साईट केली. जोडाच्या पानावर खाली तुमची ही लिंक लावली, ‘या जोडाबद्दल विचारायचंय’ असा मजकूर घालून, तर दोन्ही जमेल ना?

हुपरी_चांदी (सकाळी ११.५०)

अगदी. माझ्यापेक्षा पुढं गेलासा की ओ!

पन्हाळा_पायवाटा (दुपारी १.३०)

मी पन्हाळा, पावनखिंड, विशाळगड या वाटांवर मराठीत लिहितो. मराठीत लिहिणाऱ्यांची एक अडचण इथं आली नाही, ती मांडतो.

वर्डप्रेसवर मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत होतो. ब्राऊझरच्या पट्टीत छान दिसतो. कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या (%) चिन्हांची रांग लागते. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाईट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाईटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. ‘कोल्हापूर’ या एका शब्दाची ८१ अक्षरं होतात! वर्डप्रेस २०० च्या पुढं पत्ता कापतं, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षकाचं शेपूटच तुटतं. मास्तरांसारख्या सावध माणसाला असली रांग दिसली की त्यांनी ती न उघडणं साहजिकच आहे.

मी आता शीर्षक मराठीत ठेवतो आणि पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा. जीव थोडा तुटतो, कारण २०१४ पासून ‘डॉट भारत’ असं देवनागरी डोमेनसुद्धा मिळतं, मग पत्ताही आपल्या लिपीत का नसावा? पण टक्क्यांची रांग कुणाला वाचता येत नाही, आणि माझा वाचक वाटेत गळू नये हे मला जास्त महत्त्वाचं आहे.

आणि लिंकेला लागून मराठी शब्द लिहू नका. ‘डॉट कॉमबघा’ असं सलग लिहिलं की ‘बघा’सुद्धा लिंकमध्ये ओढला जातो आणि पान उघडत नाही. वर्षभर माझ्या तीनेक लिंका अशाच मेलेल्या फिरत होत्या. लिंक वेगळ्या ओळीवर, एकटी.

पेठकर_पुण्यात (दुपारी २.४०)

इन्स्टाग्रामबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. फोटोखालच्या मजकुरात लिंक टाकून उपयोग नाही, ती दाबली जात नाही. बायोमध्ये लावायची. २०२३ पासून तिथं पाच लिंका चालतात. आणि स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावा. पूर्वी त्याला दहा हजार फॉलोअर लागायचे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून सगळ्यांना खुला आहे. स्टिकरवरचे शब्द बदलता येतात, तिथं ‘कापशी जोड बघा’ लिहा.

फेसबुकवर मात्र लिंक पोस्टमध्ये न टाकता पहिल्या कमेंटमध्ये टाका. पोस्टमध्ये टाकली की पोच कमी होते.

रंकाळ्याकाठी (दुपारी ३.१०)

पेठकर, एक्सपुरतं हे मान्य. तिथं इलॉन मस्क यांनी स्वतःच २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक उत्तरात द्या. पण ताईंचा फेसबुकवरचा वाचक म्हणजे मावशा, काका, जुने गिऱ्हाईक. त्यांना कमेंट उघडून लिंक शोधायला लावलं तर निम्मे तिथंच थांबतील. शिवाय कमेंटमध्ये गेल्यावर ते मोठं चित्र हरवतं. चप्पल ही डोळ्यांनी घ्यायची वस्तू आहे. माझं मत, फेसबुकवर पोस्टमध्येच.

पेठकर_पुण्यात (दुपारी ३.२२)

माझा अनुभव उलटा आहे, पण माझे वाचक पंचविशीचे. ताईंनी दोन्ही करून आठ-आठ दिवस मोजावं. गुऱ्हाळवाल्यांची खूण आहेच.

पूररेषा (रात्री ८.४५)

धागा सगळा वाचला. मी पुराच्या दिवसांत मदतीचं काम करते, त्यामुळं माझा प्रश्न विक्रीचा नाही, पण लिंकेचाच आहे आणि जिवाशी आलेला आहे.

२०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा व्हॉट्सॲपवर कालचे, परवाचे, कधी कधी मागच्या वर्षीचे फोटो आजचे म्हणून फिरत होते. म्हणून आम्ही पोरापोरींनी एक साधं पान केलं. राजाराम बंधाऱ्याची पातळी, बंद रस्ते, निवारा कुठं. आकडा बदलला की पान बदलायचं, लिंक तीच. फोटोपेक्षा लिंक बरी, कारण फोटो जुना होतो, पान होत नाही, असं आम्ही धरून चाललो.

एका पावसाळ्यात सकाळी पातळी ३८ फुटांवर होती. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. पानाचं शीर्षकच आम्ही ‘पंचगंगा ३८ फूट’ असं ठेवलेलं. लिंक गावभर गेली. संध्याकाळी पाणी ४१ च्या पुढं, पान बदललेलं, पण प्रत्येकाच्या फोनमधलं ते कार्ड सकाळचंच! एकदा पाठवलेलं कार्ड आपोआप बदलत नाही. नदीकाठच्या एका आजींनी नातवाला कार्ड दाखवलं, “अडोतीसच आहे की, कशाला हलायचं?” पान कुणी उघडलंच नव्हतं. कारण आकडा बाहेरच मिळाला होता. आमच्यातला एक जण घरी जाऊन त्यांना घेऊन आला, म्हणून निभावलं.

त्यानंतर बदलणारा आकडा आम्ही शीर्षकात कधीच घातला नाही. ‘पंचगंगेची आत्ताची पातळी, पान उघडून पाहा’ एवढंच. आणि पाठवणाऱ्यानं मेसेजमध्ये स्वतः तारीख-वेळ लिहायची, दुसऱ्याचा मेसेज तसाच पुढं ढकलायचा नाही. खूप वेळा पुढं गेलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो आणि २०२० च्या एप्रिलपासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पुरात तेवढा वेळ नसतो.

सूनबाई, तुमच्या बाबतीत किमतीचं असंच होईल. कार्डावर भाव घातला आणि नंतर चामडं महागलं, तर जुनं कार्ड दाखवून लोक भांडतील.

निवृत्त_मास्तर (रात्री ९.०५)

पूररेषाताई, तुम्हा मुलांना आशीर्वाद. ती लिंक आमच्या ग्रुपवरही आली होती. वेळ लिहिलेली असायची म्हणूनच मी उघडायचो.

रंकाळ्याकाठी (रात्री ९.३०)

पूररेषा, याच्याच शेजारची गोष्ट. फेसबुक पानाचं चित्र आणि नाव स्वतःकडं साठवून ठेवतं. साईटवर फोटो बदलला तरी फेसबुकवर जुनाच येत राहतो. त्यांचं ‘शेअरिंग डीबगर’ नावाचं पान आहे, तिथं आपली लिंक टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबलं की नवी माहिती उचलली जाते. ताई, ओजी दुरुस्त झालं की २६ पानांना हे एकदा करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

गुऱ्हाळवाला (रात्री १०.००)

मला एक अवांतर विचारायचंय. करकर वाजणारी चप्पल मिळते का हल्ली? आमचे आजोबा बांधावरून येताना आवाजावरून कळायचं.

सुभाषनगरची_सून (रात्री १०.२०)

मिळते दादा. सांगून करून घ्यावी लागते. सासऱ्यांना तुमचा निरोप वाचून दाखवला, एकदम खूश झाले. म्हणाले, “मापाला पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवून पाठवा, पण संध्याकाळी. सकाळचा पाय बारका असतो.”

तांबडापांढरा (रात्री १०.२४)

हे वाक्य पोस्ट आहे बघा ताई. ‘सकाळचा पाय बारका असतो.’ खाली मापाच्या पानाची लिंक. मी तर आत्ताच उघडली असती.

सुभाषनगरची_सून (पुढचा सोमवार, रात्री ९.१५)

आठवडा झाला, सांगायला आलेय.

साईट करणाऱ्या मुलाला रंकाळ्याकाठींचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. तेच निघालं, जावास्क्रिप्ट. दोन दिवसांत दुरुस्त झालं. फोटो मी नव्यानं काढले. अंगणात घोंगडं टाकलं, जोड मधोमध ठेवला, एका कडेला सासऱ्यांचा वेणी धरलेला हात. पहिला फोटो उभा आला होता, त्यात चपलेचा एक कान कापला गेला, पुन्हा आडवा काढला.

शुक्रवारी संध्याकाळी तांबडापांढरा दादांचं ऐकून लिहिलं: ‘माझे सासरे म्हणतात, सकाळचा पाय बारका असतो, म्हणून चपलेचं माप संध्याकाळी घ्यावं. घरच्या घरी माप कसं काढायचं ते फोटोंसकट इथं लिहिलंय.’ वेगळ्या ओळीवर लिंक. चित्र येईपर्यंत थांबले, मग पाठवलं. शाळेच्या ग्रुपवरून ४३ जणांनी उघडलं, माहेरच्या ग्रुपवरून १९. तालमीच्या ग्रुपवरून फक्त दोन, पण त्यातल्या एकानं लग्नासाठी पाच जोड सांगितले. आणि एका मैत्रिणीनं तो मेसेज स्वतःच्या शब्दांत तिच्या ऑफिसात पाठवला, तिथून नाशिकची ऑर्डर आली. कापशीचा तो जोड गेला!

सासऱ्यांनी परत फोन मागून घेतला, कार्ड बघितलं, दोन बोटांनी मोठं करायला गेले तर पानच उघडलं. मग सगळे २६ जोड बघत बसले.

रंकाळ्याकाठी (रात्री ९.४०)

वा ताई, जीव हरखला! आता एकच करा. कापशीचा जोड विकला गेला म्हणून ते पान काढून टाकू नका. ती लिंक आता लोकांच्या फोनमध्ये आहे, सहा महिन्यांनीही कुणीतरी उघडेल. त्याला ‘पान सापडत नाही’ दिसलं तर तो परत येणार नाही. पान ठेवा, वर एक ओळ लिहा.

सुभाषनगरची_सून (रात्री १०.०५)

लिहिली. सासऱ्यांनीच सांगितली तशी: ‘हा जोड गेला. असाच करून मिळेल, बारा दिवस लागतील. पायाचं माप संध्याकाळी घ्या.’